सात नंबरचा फॉर्म

४ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

आधी हिशेब. आपलं हवा शुद्ध करायचं मशीन छत्तीस डेसिबलवरून सव्वीसवर आणायला नक्की काय पडलं, ते काल बसून काढलं. चौदा महिने. एकोणीस मोटारी, त्यातल्या अकरा मी स्वतः फोडल्या. दोन फोरमन, पहिला वैतागून गेला, दुसरा, आपला लंबू, वैतागून राहिला. आवाज ऐकायच्या खोलीसाठी भाजीपाला साठवायची एक जुनी थंड खोली आणि तिच्या भिंतींना चिकटवलेल्या चाळीस गाद्या. माझा एक दात. मी वाकलो आणि मशीनचं झाकण वर आलं, तेव्हाचा. आणि तू. पण तुला मी खर्चात धरलेलं नाही. तू परत येणारी वस्तू आहेस असं मी धरून चालतोय.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र न वाचता फेकून देण्याइतकं धीट आपल्या घरात कोणी जन्मलेलं नाही.

काम असं आहे. त्या मोठ्या दुकानवाल्यांची दोन हजार मशीनची ऑर्डर अजून टांगलेली आहे. त्यांना आवाजाच्या चाचणीचा रिपोर्ट हवा: बारा माणसांनी बसून ऐकलं, आणि आवाज त्यांना किती खटकला त्याची सरासरी तीनपेक्षा कमी आली. आपली सव्वादोन आली आहे. खाली चाचणी घेणाऱ्याची सही लागते, आणि चाचणी तू घेतलीस. रिपोर्ट सोबत आहे, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारली आहे. परतीचं पाकीटही घातलंय, तिकीट लावून. तुझा आळस मला ठाऊक आहे.

ऑर्डर मिळाली तर खाली कारखान्यातली एकवीस माणसं दोन वर्षं निवांत. नाही मिळाली तर काय, ते लिहीत नाही. तू पगारपत्रक बघितलेलं आहेस.

बाकी आनंद. मशीनचा बोलबाला आहे. मी दुकानात गेलो की एकच वाक्य बोलतो: आमचं मशीन रात्रीच्या बटणावर टाका, चालू आहे की बंद ते मलाही कळत नाही. मला! ज्यानं फुटपाथवर बसून, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या मोटारीला आणि मूठ कानाला लावून, गिऱ्हाइकाला आत काय बिघडलंय ते सांगितलं. ज्याला आजही फोनवर आवाज ऐकून कुठली बेअरिंग गेली ते कळतं. हे वाक्य आता आम्ही खोक्यावरही छापलंय: चालू की बंद? ओळखून दाखवा!

तुझी आई बरी आहे. मागच्या खोलीत असते. रस्ता रुंद करायचं काम संपायचं नाव नाही, दिवसभर धुरळा आणि तिची छाती नाजूक, त्यामुळे डॉक्टरांचा हुकूम तोच आहे: खिडकी बंद, दार बंद, मशीन चोवीस तास चालू. दहा महिने झाले. एकदाही तक्रार नाही. फक्त मशीनचा हिरवा दिवा डोळ्यात जातो म्हणाली, तेव्हा मी त्यावर काळी पट्टी चिकटवून दिली. मी घोरतो म्हणून हॉलमध्ये झोपतो. तरी मध्येच उठून तिच्या दाराला कान लावतो. अगदी चिडीचूप. मग मला झोप लागते.

सही पाठव.

बाबा

१२ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

पाकीट आलं. रिपोर्ट कोरा, आणि वर चिठ्ठी चार शब्दांची: सातवा फॉर्म कुठे आहे? शब्द मोजून वापरायचे हा गुण आईचा. माझ्याकडून घेतला असतास तर दोन पानं आली असती.

सातवा फॉर्म रिपोर्टला जोडलेला आहे. नीट बघ. सात नंबर, शून्य खटका.

बरं, तो फॉर्म नाही म्हणतेस. ते मलाही माहीत आहे.

मी काही चोरी केलेली नाही. तुझी पद्धत मला मान्यच होती. बारा खुर्च्या, बारा नंबर, कोणाचं नाव कुठे नाही. प्रत्येकानं अर्धा तास आवाज ऐकायचा, शून्य ते दहामधला एक आकडा लिहायचा, खाली एका ओळीत कारण लिहायचं, आणि घडी घालून पेटीत टाकायचं. कोण कुठे बसलं ते फक्त तुला माहीत, आणि तू ते कधीच सांगायचं नाही. नाव कळणार असेल तर लोक मालकाचं तोंड बघून आकडा लिहितात, असं तू म्हणालीस. म्हणून मला त्या दिवशी गावाबाहेर मोटारी बघायला पिटाळलंस. मी गेलो. स्वतःच्या कारखान्यातून हाकललेला मालक म्हणून लंबूनं मला डबा बांधून दिला होता.

परत आलो तर अकरा माणसांनी दोन, तीन असे शहाण्यासारखे आकडे दिलेले. आणि सातव्यानं नऊ. त्या एका नवानं सरासरी बरोबर तीनवर नेऊन ठेवली. पावणेतीन नाही, सव्वातीन नाही. तीन. आणि खाली लिहिलं काय, तर "आवाज मोठा नाही. पण कोणीतरी बोलायला तोंड उघडलं आहे आणि बोलत नाही, असं वाटत राहतं."

सांग, याला आवाजाची परीक्षा म्हणायची का? मीटर सव्वीस दाखवतोय आणि याला तोंड दिसतंय. मी हसलो. मग विचारलं, कोण हा महाभाग? तू म्हणालीस, सांगणार नाही. मी म्हटलं, मालक विचारतोय. तू म्हणालीस, म्हणूनच सांगणार नाही.

तू त्या फॉर्मवरून आवाजात एक सूर आहे म्हणालीस. पंख्याची पाती एकसारख्या अंतरावर आहेत म्हणून सगळा आवाज एका सुरात गोळा होतो, पाती थोडी वेडीवाकडी बसवू, सूर विस्कटेल, असं काहीतरी. मी सगळ्यांसमोर म्हटलं की वाकड्या पात्यांचा पंखा मी फुटपाथवर असतानाही विकला नाही. लोक हसले. ते हसले ते माझ्या पगारामुळे, हे मला तेव्हाही कळत होतं.

तुझं शेवटचं वाक्य माझ्या लक्षात आहे. "मग बारा माणसं कशाला बोलावलीत, बाबा? तुम्ही एकटेच बसा की आत." आणि तू पिशवी उचललीस.

सातवा कोण ते मी शोधलं आहे, म्हणजे ओळखलं आहे. कोपऱ्यावरचा घड्याळजी. दिवसभर टिकटिक ऐकून त्याचं डोकं फिरलेलं आहे. दहा आठवडे झाले, त्याच्याशी बोलणं बंद केलंय. घड्याळ बंद पडलं तेही तसंच हातात घालून फिरतो.

आणि जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून सातवा फॉर्म एका जाणकार माणसाकडून पुन्हा भरून घेतला. यात वावगं काय?

आईचा खोकला थोडा वाढलाय. हवा बदलली की होतं.

बाबा

२० नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

यावेळी तुझी चिठ्ठीसुद्धा नाही. बरोबर आहे. तरी लिहितो, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येण्यासारखं नाही.

सोमवारी डॉक्टर आले होते. बोटाला चिमटा लावून बघितलं, छातीला नळी लावली. मला बाहेर नेऊन म्हणाले, उन्हाळ्यात होती त्याहून तब्येत खाली गेली आहे, बंद खोलीत मशीन लावून असं व्हायला नको. मग मला विचारतात, "मशीन चालू असतं ना?"

मला! मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही नळी लावून छाती ऐकता, मी भिंतीला कान लावून कारखाना ऐकतो. ते म्हणाले, तरी एकदा फिल्टर बघून घ्या. अशीच घसरण राहिली तर घरी ठेवता येणार नाही, दवाखान्यात ऑक्सिजनच्या नळीवर ठेवावं लागेल.

आई आतून म्हणाली, "काय म्हणतात?" मी म्हटलं, सगळं ठीक आहे म्हणतात. ती म्हणाली, "मग कुजबुजता कशाला?"

डोकं गरम होऊन खाली आलो. म्हटलं मशीनमध्ये खोट असेल तर मीच काढतो. आत्ताच जोडलेलं एक मशीन उचललं, ऐकायच्या खोलीत नेलं, दार लावलं, रात्रीचं बटण दाबलं आणि खुर्चीवर बसलो. नंबर बघितला नव्हता. सातवीच होती. हस.

थंड खोलीचं दार ते. तू किती वेळा सांगितलंस की आतून उघडायची कडी बसवा, आणि मी किती वेळा म्हटलं पुढच्या महिन्यात. दहा मिनिटांनी उठलो तर दार उघडेना. फोन बाहेर टेबलावर. लंबू जेवायला गेलेला, तिथून बँकेत. हाका मारल्या. चाळीस गाद्या, बाई! माझ्याच पैशाच्या. दारावर लाथा घातल्या, तो आवाज माझ्यापर्यंतसुद्धा धड पोचत नव्हता. माणूस मेला तर बाहेर कळणार नाही अशी पक्की खोली मी बांधली आहे, याचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला नाही.

मग बसून राहिलो. दुसरं करणार काय. खिडकी नाही, दार बंद, आणि ते मशीन.

पहिला अर्धा तास मी मोटार ऐकली. मोटार उत्तम आहे, बेअरिंग लोण्यासारखी. मग मोटार ऐकून संपली. त्यानंतर जे उरलं ते मला लिहिता येत नाही. मोठं काही नव्हतं. पण मी दोनदा मोठ्यानं "काय?" म्हणून विचारलं. खोलीत कोणी नसताना. कोणीतरी आता काहीतरी सांगणार असं वाटून मी मान तिकडे वळवून बसलो होतो, मान अवघडली.

मशीन बंद करायला बटणापर्यंत चार पावलं होती. मी गेलो नाही. ते बटण दाबणं म्हणजे नऊ लिहिल्यासारखं झालं असतं. आणि इतकं करून साक्षीला कोण, तर भिंतीवरच्या गाद्या.

एक तास दहा मिनिटांनी मी बटण दाबलं.

मनगटावर बंद घड्याळ आहे, म्हणून वेळ खोलीतल्या घड्याळावर बघितली. तेही आधी ऐकू येत नव्हतं, मग यायला लागलं. खांद्यावरून कोणीतरी पोतं उतरवून घेतल्यासारखं झालं. लंबू आला तेव्हा एकूण दोन तास पन्नास मिनिटं झाली होती. म्हणाला, "मालक, चाचणी लांबली वाटतं." मी म्हटलं, हो, बारीक तपासणी चालली होती. बटणाचं त्याला सांगू नकोस.

आता एक खरं सांगतो. तो जाणकार माणूस मीच. नवा सातवा फॉर्म मी भरला, शून्य लिहिलं, आणि तेही आत न बसता, ऑफिसात चहा पिताना. तुला अक्षरावरून कळलं असणारच. म्हणून तर सही करत नाहीस.

आईला हे सगळं सांगितलं नाही. दार अडकल्याचं तेवढं सांगितलं, हसवायला म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "तीन तास?" मी म्हटलं, पावणेतीन. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला खोकला आला.

बाबा

२३ नोव्हेंबर

मास्तरीणबाई,

घड्याळजीकडे गेलो होतो. घड्याळ पुढे ठेवलं आणि म्हटलं, नऊ लिहिलंस त्याबद्दल माझा राग नाही, बरोबर लिहिलंस. तो भिंग डोळ्यावरून काढून म्हणाला, "कसले नऊ? मी नवव्या खुर्चीवर होतो, आकडा दोन दिला होता. तुमचं मशीन मला आवडलं होतं. माझ्याशी बोलणं का टाकलंत ते विचारायला मी तीनदा येऊन परत गेलो." मग घड्याळाचे पैसे घेईना. जबरदस्तीनं दिले तर सुटे नाहीत म्हणाला. चांगल्या माणसांचा असा त्रास असतो.

तेव्हा लंबूला विचारलं, त्या दिवशी कोण कोण आलं होतं. तुझा नियम मोडायचा नव्हता, कोण कुठे बसलं ते विचारलं नाही. तो बोटं मोजायला लागला. अकरा झाली. बाराव्या शिंपीणबाई, पण त्यांना ताप होता, आल्याच नाहीत. मग बारावं कोण? म्हणाला, "ताईंनी ऐन वेळी वरून वहिनींना आणलं ना. तोंडाला फडकं बांधून आल्या होत्या. जिना उतरताना दोनदा थांबल्या. अर्ध्या तासात परत गेल्या."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "मला वाटलं घरातली गोष्ट तुम्हाला माहीत असेल."

एक विचारतो. हो की नाही, एवढंच लिही.

नको. लिहू नकोस. नियम तुझा आहे, तो राहू दे.

जुना फॉर्म माझ्या खणातच आहे. मी तो फाडला नव्हता. हेही मला आज उघडून बघितल्यावर कळलं, की फाडायला घेतला होता, एका कडेला बोटभर फाटलाय, आणि मग कोणीतरी ऑफिसात आलं असावं. अक्षर दाबून, छापल्यासारखं काढलंय, ओळखू येऊ नये म्हणून. तीस वर्षं माझ्या डब्यात चिठ्ठी ठेवणाऱ्या बाईचं अक्षर मी ओळखलं नाही. मी फक्त आकडा बघितला होता.

बाबा

२७ नोव्हेंबर

बाळ,

डॉक्टरांनी फिल्टर बघायला सांगितलं होतं, ते मी टाळत होतो. आमच्या खोक्यावर लिहिलेलं आहे, सहा महिन्यांनी फिल्टर बदला. घरचा दहा महिने बदललेला नाही. काल दुपारी आईच्या खोलीत बसून मशीन उघडलं.

दहा महिने चाललेला फिल्टर कसा दिसतो ते तुला माहीत आहे. गॅरेजातलं फडकं बरं. आणि आपल्या घरासमोर तर रस्ता खणलेला. हा पांढरा होता. कडेला जरा पिवळट, बाकी पिशवीतून आत्ता काढावा तसा.

मी तो हातात धरून बसलो. ती पलंगावरून बघत होती.  मग मी विचारलं, कधीपासून?

"आणलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

म्हटलं, मी येतो तेव्हा तर चालू असतं.

"लोखंडी जिना आहे. अठरा पायऱ्या. तुम्ही पहिलीवर पाय ठेवलात की मी बटण दाबायचे. तुमची चप्पल मला ओळखू येते. लंबूचीही येते."

तीक्ष्ण कानाचा म्हणून मी गावभर मिरवतो, आणि हे कान वर बसलेले.

मी म्हटलं, अगं, तुझ्या छातीसाठी केलं ना मी हे सगळं. पंखे दुरुस्त करणारा माणूस या धंद्यात आला कशाला? ती म्हणाली, "म्हणूनच बोलता येईना." मग दम खाऊन म्हणाली, "खिडकी बंद केलीत, मी हात लावला नाही. दार बंद केलंत. माझे कान तेवढे उघडे होते. हे बंद असलं की खालची घंटा ऐकू यायची. लंबू गुणगुणायचा ते यायचं. तुम्ही कोणावर ओरडताय ते कळायचं, बरं वाटायचं. बुधवारी पोरीचा फोन वाजला की पहिल्या घंटीला उचलता यायचा. हे चालू केलं की मी आणि हे, दोघंच."

बुधवारच्या फोनचं मला माहीत नव्हतं. आता आहे. बंद करू नकोस.

मी विचारलं, फॉर्मवर लिहिलंस ते तूच ना? ती म्हणाली, "नाव सांगायचं नसतं." तुम्ही दोघी एकाच साच्यातल्या. मग जरा वेळानं म्हणाली, "मला वाटलं, कागदावर तरी कोणी वाचेल."

मी वाचलं होतं. हसलोही होतो. हे तिला सांगितलं नाही. तुला सांगितलेलं आहे, ते पुरे.

संध्याकाळी लंबूला वर बोलावलं. बोळाच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडलं, मशीन बोळात ठेवलं आणि आत फक्त नळीनं हवा सोडली. पंखा बदलला. तू काढून ठेवलेली वेडीवाकडी पाती खणात होती, ती बसवली. दिसतोय असा की लहान मुलानं कापलाय. चालू केला आणि आईला म्हटलं, सांग आता, शून्य ते दहा. ती बराच वेळ ऐकत होती. म्हणाली, "पाच." मी घासाघीस केली. साडेचारसुद्धा म्हणेना. पण काल संध्याकाळपासून मशीन चालू आहे, बंद केलेलं नाही, बोळात खुर्ची टाकून मी बघतोय. डॉक्टर सोमवारी येतील. काय म्हणतात ते लिहीन, खरं असेल तेच.

सोबत बाराही फॉर्म आहेत. सातवा जुना, फाटलेल्या कडेला कागद चिकटवून. मी भरलेला काढून टाकला. नवा रिपोर्टही आहे, सरासरी तीन. त्यांना तीनच्या आत हवी, म्हणजे ऑर्डर बहुतेक गेली. दुकानवाल्यांना मी तसं कळवलंय, आणि नव्या पात्यांवर पुन्हा चाचणी घ्यायला दोन महिने मागितलेत. देतील की नाही सांगता येत नाही. खालच्या एकवीस जणांना आज एकत्र बसवून सांगितलं. कोणी हसलं नाही. या रिपोर्टवर सही करशील तर कर. पेन्सिलची फुली मारलेली नाही.

ऐकायच्या खोलीला आतून उघडायची कडी बसवली.

खोक्यावरची ओळ काढायला सांगितली आहे. छापखानेवाला म्हणाला, एवढी चांगली ओळ का काढता? त्याला सांगितलं नाही, तुला सांगतो. मशीनमध्ये कुठलं बटण किती तास चाललं ते मोजणारा तुकडा तू हट्टानं बसवायला लावला होतास, आठवतं? आज घरच्या मशीनमधला तो तुकडा वाचून बघितला. दहा महिन्यांचे सात हजार दोनशे तास होतात. भिंतीला भोक पाडायच्या आधी दिवसाच्या बटणावर चालले तीनशे बारा. रात्रीच्या बटणावर, शून्य.

बाबा